पाच हजारांच्या पुढे

जुनी होंडा सिटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? बहुतेकांच्या डोळ्यासमोर येते लग्नाला आलेल्या काकांची सिल्व्हर गाडी. एसी फुल्ल, मागच्या काचेपाशी टिश्यूचा बॉक्स, डॅशबोर्डवर गणपती. पण एक छोटी, जरा सटकलेली जमात अशी आहे की तिच्या डोळ्यासमोर येतो आरपीएमचा काटा. पाच हजारांच्या आसपास पोचलेला. कारण तिथे या गाडीचा आवाज बदलतो! तोवर सोज्वळ गुणगुणणारं इंजिन अचानक खडा सूर लावतं, आणि मागे बसलेले काका म्हणतात, ‘‘अगं, हळू!’’

ही गाडी म्हणजे २००० साली आपल्याकडे आलेली सिटी १.५ व्हीटेक. इंजिन १४९३ सीसीचं, ताकद १०६ पीएस, गाडीचं वजन साधारण एक टन. टर्बो नाही, स्क्रीन नाही, ड्राइव्ह मोड वगैरे चोचले नाहीत. २००३ च्या शेवटी तिची जागा गोलमटोल नव्या सिटीने घेतली आणि मूळ व्हीटेकची कहाणी संपली. संपली म्हणजे कागदावर संपली. कारण त्या वेळी शाळेच्या बसमधून तिच्याकडे टकामका बघणारी पोरं आता टीम लीड झालीत, हातात बोनस आहे आणि मला मेसेज करून विचारतायत, ‘‘व्हीटेक मिळतेय. घेऊ का? टिकेल का?’’

माझ्याकडे २००२ ची आहे, एवढीच माझी क्वालिफिकेशन. मास कॉमची डिग्री इंजिनापुढे काही कामाची नाही. पण ‘टिकेल का’ या प्रश्नाला मी आता एक ठरलेलं उत्तर देते : इंजिन टिकतं. प्रश्न तुमच्या आधीच्या मालकाचा आहे.

आधी थोडा फंडा क्लिअर करू. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जितकी हवा आत, तितकं पेट्रोल आत, तितकी ताकद. टर्बोवाल्या इंजिनाला हवा जबरदस्तीने भरवली जाते, ताटापाशी बसून ‘अजून एक पोळी घे’ म्हणणाऱ्या आजीसारखी. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भुकेने जेवतं. वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलेल तेवढीच. मग जास्त ताकद हवी असेल तर मार्ग दोनच. इंजिन मोठं करा, नाहीतर ते जोरात फिरवा. होंडाने दुसरा मार्ग धरला.

आता जोरात फिरवायचं तर व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त खोल उघडायला हवेत. पण तसे केले तर ट्रॅफिकमध्ये इंजिन गचके देणार. व्हीटेकची आयडिया अशी की कॅमशाफ्टवर दोन स्वभाव ठेवायचे. खालच्या आरपीएमला एक, वरच्या आरपीएमला दुसरा. काटा वर गेला की ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांना जोडले जातात आणि दुसरा कॅम सूत्रं हातात घेतो. १९८९ साली जपानमध्ये इंटेग्रा या गाडीत हे पहिल्यांदा आलं, तेव्हा १.६ लिटरमधून १६० पीएस निघाले होते. दहा वर्षांनी एस२००० नावाच्या स्पोर्ट्स कारने दोन लिटरमधून २५० पीएस काढून दाखवले, तेही आठ हजार तीनशे आरपीएमला. आपली सिटी त्या घराण्यातली मध्यमवर्गीय पुतणी. तिच्यात हा खेळ फक्त हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपुरता आहे. पण घराणं तेच!

इथे एक शब्द परत वाचा : ऑइलच्या दाबाने. म्हणजे ऑइल या इंजिनात नुसतं वंगण नाही, ते हुकूमही सोडतं. ऑइल कमी असेल किंवा काळं-चिकट झालं असेल, तर पिन सरकत नाही, आणि पाच हजारांच्या पुढे काहीच घडत नाही. गाडी चालते, ऑफिसला पोचवते, फक्त तिचा दुसरा स्वभाव गायब. कितीतरी जण अशी गाडी वर्षानुवर्षं चालवतात आणि म्हणतात, ‘‘व्हीटेक व्हीटेक करता, त्यात काय एवढं?’’ पुष्कळदा नुसतं ऑइल पातळीला आणलं आणि व्हीटेकच्या सोलेनॉइडखालची चिमुकली जाळी साफ केली की गाडी जागी होते. ती जाळी माझ्या उस्तादांनी मला दाखवली तेव्हा गाळाने अशी भरली होती, जशी आठवडाभर न धुतलेली चहाची गाळणी.

(उस्ताद म्हणजे माझे मेकॅनिक. गॅरेजमध्ये मी गाडी घेऊन गेले की बाकी सगळे माझ्यासोबत आलेल्या मुलाशी बोलतात, मग तो रिक्षाने माझ्याबरोबर आलेला का असेना. उस्ताद माझ्याशी बोलतात. म्हणून उस्ताद.)

‘होंडाचं इंजिन मरत नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. सेकंडहँड गाडी विकणाऱ्यांचं ते राष्ट्रगीत आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. टर्बो नसल्यामुळे त्याच्यासोबत येणारी उष्णता, त्याचे ऑइलचे पाइप, इंटरकूलर, सगळी भानगडच नाही. पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे ते आपसूक धुतले जातात. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात तिथे कार्बन साचतो, तो त्रास इथे नाही. पण ‘टर्बो नाही म्हणजे अमर’ असं समजू नका. बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ घ्या. ३.२ लिटर, सहा सिलिंडर, आठ हजार आरपीएमपर्यंत जाणारं, टर्बोशिवायचं अप्रतिम इंजिन. त्याच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले आणि कंपनीला ते मोफत बदलून द्यावे लागले. कारण गणित सोपं आहे. आरपीएम दुप्पट झाला की पिस्टनला खाली-वर फेकणारी ओढ चौपट होते. ती सगळी ओढ बेअरिंगवरच्या ऑइलच्या केसाहून पातळ थरावर येते. थर शाबूत तर सगळं शाबूत.

म्हणून रेस दिल्याने इंजिन मरतं हेही मला पटत नाही. ज्या आरपीएमसाठी ते बनवलंय, तिथे ते खुशीत असतं. त्याला मारतात तीन गोष्टी : जुनं ऑइल, उष्णता आणि म्हातारं रबर.

उष्णतेचं आधी सांगते, कारण या शहरात तीच जास्त इंजिनं खाते. या इंजिनाचं ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचं. एकदा भरपूर तापलं की हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं, पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल कटिंग चहाच्या रंगाचं होतं. मग इंजिन खोलावं लागतं, आणि जुन्या गाडीत इंजिन खोलण्याचं बिल कधीकधी गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं. हे सगळं टाळायला लागतं काय? अर्ध्या कूलंटचं आणि अर्ध्या डिस्टिल्ड पाण्याचं मिश्रण, वेळच्या वेळी. आणि वय झालेला रेडिएटर बदलायची तयारी, कारण त्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या वयाने तडकतात. बस.

पण आपल्याकडे काय होतं? गाडी तापली की रस्त्यावरचा मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकतो आणि नळाचं पाणी भरतो. ‘‘अब कभी गरम नहीं होगी!’’ खरंच होत नाही. उलट ती नीट गरम होतच नाही, इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू जास्त पेट्रोल ओतत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पेट्रोलने धुऊन निघतं. शिवाय नळाच्या पाण्याने आतून गंज. आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. कूलंट पूर्ण गळून गेलं तर टेम्परेचरचा काटा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो, कारण सेन्सरला तापलेलं पाणीच लागत नाही. घाटात काटा अचानक पडला तर हुश्श करू नका. गाडी बाजूला घ्या.

आता रबर. या व्हीटेकला टायमिंग बेल्ट आहे. २००३ नंतरच्या सिटीला चेन आली, २०२० च्या टर्बोशिवायच्या १२१ पीएसच्या सिटीलाही चेनच आहे, त्यामुळे नवीन पिढीला बेल्ट हा प्रकारच ठाऊक नाही. हा दातेरी रबरी पट्टा तुटला तर कॅमशाफ्ट थांबतं, पिस्टन मात्र धावत राहतात, आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात. एका सेकंदात काम तमाम. बेल्ट किलोमीटरने जसा झिजतो तसा वर्षांनीही म्हातारा होतो. एक लाख किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते, असा माझा हिशोब. ‘‘मॅडम, गाडी फक्त चाळीस हजार चाललीय’’ असं कोणी वीस वर्षांच्या गाडीबद्दल म्हणालं, तर माझा पुढचा प्रश्न एकच असतो : बेल्ट कधी बदलला? वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. म्हणून बेल्ट बदलताना पंप, टेन्शनर आणि ऑइल सील एकत्रच बदलायचे. पंप वाचवून पैसे वाचवणारा माणूस सहा महिन्यांनी तीच मजुरी परत देतो.

या सगळ्याचा कस गेल्या वर्षी लागला. माझा एक मित्र आहे, हिंजवडीत टेस्टिंग करतो, स्वभावानेही टेस्टर. त्याला व्हीटेक हवी होती, पण शोभेची नाही. दर महिन्याला आईबाबांना घेऊन कोल्हापूरला जायचं असतं. बाबांचं नुकतंच बायपास झालेलं. ‘‘रात्री साताऱ्याच्या पुढे बंद पडली तर मी काय करू?’’ असं तो विचारायचा, आणि या प्रश्नाला ‘होंडाचं इंजिन मरत नाही’ हे उत्तर पुरत नाही. पैसेही एकदाच जमवलेले. चुकीची गाडी घेतली तर दुसरी घ्यायला उरणार नव्हते.

पहिली गाडी आम्ही मुंबईत पाहिली. काय दिसत होती! नवा लाल रंग, अलॉय व्हील्स, जाडजूड एक्झॉस्ट. आम्ही पोचायच्या आधीच मालकाने ती चालू करून ठेवलेली. बॉनेटला हात लावला तर तापलेलं. जुन्या गाडीचा खरा चेहरा थंड स्टार्टला दिसतो. रात्रभर उभ्या गाडीने पहिल्या स्टार्टला निळा धूर सोडला तर व्हॉल्व्हचे सील गेलेले, रेस दिल्यावर निळा धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंग, पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जळतंय. तापवून ठेवलेल्या गाडीत यातलं निम्मं लपतं. म्हणून आम्ही चहा पिऊन दोन तासांनी परत गेलो. तर आम्हाला आवाज ऐकवायला त्याने निवलेल्या इंजिनावर काटा थेट सहा हजारांवर नेला! पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल गरम व्हायला अजून वेळ लागतो. तोवर तरी इंजिनाला सांभाळून घ्यायचं असतं. माझ्या पोटात कालवलं. ऑइलचं झाकण उघडलं तर आत काळा मेणासारखा थर. रेडिएटरमध्ये गंजाच्या रंगाचं पाणी. बेल्टचं विचारलं तर ‘‘बदलला असेल ना.’’ बिलं? ‘‘बिलं कोण ठेवतं?’’

दुसरी नाशिकची. बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांची. छतावरचा रंग उडालेला, सीटवर आईने शिवल्यासारखी कव्हरं. मित्राचा चेहरा पडला. मग काकांनी एक फाइल आणली. अगदी पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं, तारखेनुसार लावलेली, प्रत्येकावर काकांच्या अक्षरात किलोमीटर. बेल्ट तीनदा बदललेला, शेवटचा दोन वर्षांपूर्वी, पंपासकट. आम्ही कंप्रेशन टेस्ट करून घेतली. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर मी ती गाडी सोडून द्या म्हणते. आकडा थोडा कमी चालतो, तफावत चालत नाही.

मित्राने नाशिकची घेतली. लाल गाडीसाठी तो आठवडाभर हळहळला, हे सांगायला हवं. आतापर्यंत ती एकदाच रुसलीय, मे महिन्यात, दुपारी, पार्किंगमध्ये. स्टार्टर फिरतोय, पण गाडी लागत नाही. मला फोन आला तेव्हा तो इंजिन गेलं असं धरूनच बसला होता. मी त्याला अर्धा तास गाडी सावलीत ठेवायला सांगितली. लागली! जुन्या होंडांचं हे फेमस दुखणं आहे. डॅशबोर्डखालच्या मेन रिलेतला सोल्डर वयाने तडकतो आणि उन्हात तापला की पेट्रोल पंपाला करंट देत नाही. इंजिन ठणठणीत, रुसलीय ती डबी. रिले बदलला, विषय संपला. या वयाच्या गाडीत असंच होतं. लोखंड शाबूत असतं, आजूबाजूच्या वायरी, रबर आणि प्लॅस्टिक थकतं. डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर हा दुसरा नाटकी इसम. लांबच्या प्रवासाआधी तो तपासून घ्या.

पेट्रोलचंही आता बघावं लागतं. २०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर ई-२० पोचलंय, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. २००२ मध्ये या गाडीचे पाइप बनवताना कोणी त्याचा विचार केला नव्हता. मी इंधनाचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणारे घालून घेतले, आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवत नाही. अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. ते सोसायचं.

कागदपत्रांचंही ऐका, कारण इथे बजेट हमखास कोलमडतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार झाली. वर पर्यावरण कर वेगळा. सगळ्या मूळ व्हीटेक आता वीसच्या वर आहेत, त्यामुळे भाव ठरवतानाच आरसी कधीपर्यंत व्हॅलिड आहे ते बघा आणि तेवढे पैसे घासाघीस करून कमी करून घ्या.

आणि टॅपेट! हे काम नव्या गाड्यांच्या मालकांनी ऐकलेलंही नसतं. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यात साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहून कमी फट ठेवायची असते, आणि ती साधारण चाळीस हजार किलोमीटरला फिलर गेजने मोजून सेट करायची. इंजिन पूर्ण थंड असताना. म्हणजे गाडी आदल्या रात्री गॅरेजला सोडायची. जो मेकॅनिक ‘‘आत्ता आणा, दहा मिनिटांत करून देतो’’ म्हणतो, त्याला नमस्कार करून निघा. फट जास्त असली तर टकटक आवाज येतो, लोक घाबरतात आणि घट्ट करून घेतात. घट्ट टॅपेट छान शांत असतो. पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडला देता येत नाही, आणि तो गुपचूप जळतो. उस्ताद म्हणतात, बोलणारा टॅपेट मला चालतो, गप्प टॅपेटची भीती वाटते.

माझं स्वतःचं रूटीन बोअरिंग आहे. पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने झाले की ऑइल आणि फिल्टर. या इंजिनात साडेतीन लिटरही ऑइल मावत नाही, त्यामुळे अर्धा लिटर कमी झालं तरी तो मोठा वाटा असतो. म्हणून दर रविवारी पेपर वाचायच्या आधी डिपस्टिक. सकाळी स्टार्ट केल्यावर अर्धा मिनिट, मग पहिली काही किलोमीटर अडीच-तीन हजारांच्या आत. आणि ऑइल नीट गरम झाल्यावर, रस्ता मोकळा असेल तर, दुसऱ्या गिअरमध्ये एकदा तरी काटा पाच हजारांच्या पुढे, स्पीड लिमिटच्या आत. ती पिन सरकत राहिलेली बरी, असं उस्तादांचं म्हणणं. मला कारण विचाराल तर आवाजासाठी.

परवा मित्राचा फोन होता, कोल्हापूरहून. बाबा पुढच्या सीटवर बसतात म्हणे, आणि कागलच्या मोकळ्या रस्त्यावर स्वतःच विचारतात, ‘‘आज तो आवाज नाही काढणार का रे?’’ मी विचारलं, ऑइल बघितलंस का? म्हणाला, निघायच्या आधी बघितलं, आणि फाइलमध्ये लिहूनही ठेवलं.